हार्मचा बांध

२ ऑक्टोबर १९६१

आलो एकदाचे वोल्मरडामला! सामानाच्या गाडीत मधे मी, खिडकीशी हार्म आणि माझ्या मांडीवर आईने दिलेली जेरेनियमची कुंडी. ड्रेंथच्या आमच्या रेताड मुलखापासून इथवर मी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली आणि उतरताना हार्मच्या कोपराने तिची फांदी मोडली. नव्या घराच्या दारातच भांडायला निमित्त मिळालं, म्हणजे संसार सुरळीत चालणार.

घर मात्र फार गोड आहे. समुद्राच्या खाडीवर जो बांध घातलाय, त्याच्या आतल्या उताराला पाठ टेकून ते उभं आहे. स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे जवळजवळ बांधच. माडीवरून एका बाजूला खाडीचं करडं पाणी दिसतं, दुसऱ्या बाजूला चर्चचा मनोरा. नगरपालिकेने भाडं इतकं कमी लावलंय की हार्मने ते पत्र मला मोठ्याने पुन्हा वाचायला लावलं. हार्म इथे नव्या वस्तीच्या बांधकामावर देखरेख करणार. मला शाळेतल्या पोरांसाठी या गावाच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका लिहायची आहे, तेही नगरपालिकेसाठीच. दोघांना एकाच दमात काम मिळालं, यावर आईचा अजून विश्वास बसलेला नाही.

संध्याकाळी शेजारच्या व्हरहागेबाई वाटाण्याच्या सुपाचं पातेलं घेऊन आल्या आणि सूप देता देता आमची सगळी कपाटं डोळ्यांनी उघडून गेल्या. रेताड मुलखातली माणसं तुम्ही, पाण्याशेजारी झोप लागेल ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे पाणी विहिरीत राहतं आणि न विचारता वर येत नाही. त्या खूप हसल्या. एवढं हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते.

५ ऑक्टोबर

आज सायकलने अख्खं गाव पालथं घातलं. वोल्मरडाम कांद्यासारखं वाढलंय. मधे टेकाडावर चर्च आणि त्याला चिकटलेली जुनी घरं. गावाला जागा पुरेनाशी झाली की लोकांनी पुढे पाण्यात नवा बांध घालायचा, आतलं पाणी उपसून जमीन काढायची आणि तिथे घरं उभी करायची. जुना बांध मग रस्ता होतो. म्हणून इथले रस्ते उंच आणि घरं खाली. रस्त्यावरून चालणाऱ्याचे जोडे घरात बसलेल्याच्या नाकासमोरून जातात, आणि इथे खिडक्यांना पडदे ओढायची पद्धत नाही, म्हणून मी आज निदान तीस घरांतल्या कॉफीच्या किटल्या पाहून आले.

असं तीनदा झालं. तिन्ही रस्त्यांना माणसांची नावं आहेत: कॉर्नेलिसचा बांध, दोघी बहिणींचा बांध, लंगड्या खाइसचा बांध. आडनाव कुणालाच नाही. हा कॉर्नेलिस कोण, असं पाववाल्याला विचारलं तर तो म्हणाला, आमचाच की! पुढे एक अक्षर नाही. इतिहास लिहायला बाईमाणूस आलंय म्हटल्यावर इथले पुरुष तोंडाला कुलूप लावतात, दुसरं काय.

चौथा बांध आमचा. तो युद्धाच्या आधीच बांधून झाला, आतली जमीनही कोरडी झाली, पण तिथे आमचं आणि व्हरहागेबाईंचं सोडून एक घर नाही, नुसतं कुरण. हार्म चक्रावलाय. नकाशे तयार आहेत, विटांच्या थप्प्या रचलेल्या आहेत आणि त्यांवर शेवाळ चढलंय. कामगार रोज येतात, शेडमध्ये पत्ते खेळतात आणि घरी जातात. काम का सुरू होत नाही, असं त्याने नगराध्यक्षांना विचारलं, तर ते म्हणाले, अजून बांधाला धनी मिळाला नाही.

१० ऑक्टोबर

थंडी पडायच्या आत ट्युलिपचे कंद लावायचे म्हणून आज घरामागे वाफा आखला. तिथेच, बांधाच्या उतारावर एक फावडं रोवलेलं आहे. लांब दांड्याचं, सरळ पात्याचं, अर्धं पातं मातीत. दांडा उन्हापावसाने चंदेरी झालाय. आम्ही आलो तेव्हापासून ते तसंच उभं आहे, आणि आता लक्षात येतंय, गवत कापणारेही त्याला वळसा घालून जातात.

चांगलं अवजार गंजत पडलेलं आम्हा दोघांनाही बघवत नाही. हार्म म्हणाला, कुणीतरी आळशी विसरलाय. त्याने दोन्ही हातांनी धरून ते उपटलं. सहज आलं, लोण्यातून सुरी निघावी तसं. पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता. त्यानेच मग वाफा खणला, मी कंद लावले. वर पाहिलं तर व्हरहागेबाई त्यांच्या खिडकीत उभ्या होत्या. मी हात हलवला. त्यांनी तोंडावर एप्रन धरला होता. मला वाटलं शिंक आली असेल.

११ ऑक्टोबर

सकाळी कुरणावर कामगार! पत्ते नाहीत, गप्पा नाहीत, सगळ्या घरांच्या पायाची खोदाई एकदम सुरू. हार्मला तर कुणी विचारलंही नाही. तो कामावर पोचला तर सगळ्यांनी टोप्या काढल्या. खाटकाने मला न मागता चांगला तुकडा दिला, आणि हा माणूस कालपर्यंत मला हाडं विकत होता.

उलगडा व्हरहागेबाईंनी केला. अगं पोरी, ते फावडं म्हणजे रीत आहे आमची, त्या म्हणाल्या. पूर्वी प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा बांध राखायचा. ज्याला झेपेना त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी चालू लागायचं. मग जो कुणी ते उपटेल, त्याचं घर, त्याची जमीन आणि त्याचाच बांध. तुमच्या आधीचा माणूस असाच गेला, रविवारचा कोट घालून. बिचाऱ्यात दम नव्हता.

मी म्हटलं, आम्हाला काय ठाऊक! आणि असा कायदा आता कुठे असतो? त्या म्हणाल्या, कायदा मेला गं कधीच. आणि माझ्या गालावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते, ते मला आवडलं नाही.

१९ ऑक्टोबर

आज बांधपाहणी होती. बांधप्रमुख क्वाकरनाट काळ्या हॅटमध्ये आले, मागे अर्धं गाव. सडपातळ, स्वच्छ म्हातारा, आवाज इतका मऊ की कान द्यावा लागतो. आमच्या हद्दीत पाय ठेवायच्या आधी त्यांनी हार्मला पुढे घातलं. धनी पुढे, म्हणाले. हार्म पुढे आणि अख्खी मिरवणूक त्याच्या मागे. मला वाटलं तो हसून विनोद करेल. तो ताठ चालत होता. मधेच थांबून त्याने टाच दाबली आणि म्हणाला, इथे पायथा मऊ आहे. क्वाकरनाट म्हणाले, अगदी बरोबर. विटा आणि चुना सोडून माझ्या नवऱ्याला कशातलं कळत नाही. मी घरी आल्यावर विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, खाइसने सांगितलं.

कोण खाइस, म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी.

३० ऑक्टोबर

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून आवाज येतो. थप्. मग थोडं थांबून, थप्. ओल्या मातीवर फावड्याची पाठ मारावी तसा. दुपारी धुणं वाळत घालताना, बटाटे सोलताना, केव्हाही. मी उंदीर म्हणून मनाची समजूत घातली, मग पाण्याचे नळ म्हणून. आज भिंतीला कान लावला. आवाज थांबला. भिंतीपलीकडेही कुणीतरी कान लावलाय, असं वाटून मी मागे सरकले.

हार्म कामावरून आला की जेवायला बसत नाही, थेट बांधावर जातो. पाव नको म्हणतो, सॉसेजचा वास सहन होत नाही म्हणतो. पाणी मात्र तांबेच्या तांबे पितो. त्याच्या केसांना, उशीला, सगळ्याला चिखलाचा वास. आणि खुशीत आहे, हेच मला खुपतं. लग्न झाल्यापासून इतका खूश मी त्याला पाहिलेला नाही. रेताड मुलखात आपण नुसते राहत होतो गं, म्हणाला. इथे मी कुणीतरी आहे.

७ नोव्हेंबर

पुस्तिकेसाठी रस्त्यांच्या नावांची चौकशी करायला नगरपालिकेच्या आवारात गेले होते. तिथला कारकून खुशालचेंडू माणूस, हातात कॉफी, तोंडात गाणं. या या, तुम्हालाच दाखवायचं होतं, म्हणत त्याने मला मागच्या खोलीत नेलं. नव्या वस्तीच्या पाट्या रंगून आल्या होत्या. निळ्या, चकचकीत.

हार्मचा बांध.

आमच्याच रस्त्याची. तो म्हणाला, अभिनंदन बाई, भाग्य लागतं. मी विचारलं, जिवंत माणसाचं नाव कसं काय देता? त्याने कॉफीचा घोट घेतला आणि समजावून सांगितलं, पाटी लगेच लावत नाही ना आम्ही.

१२ नोव्हेंबर

क्वाकरनाटांच्या घरी गेले. कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मी सरळ विचारलं, माझ्या नवऱ्याचं तुम्ही काय करणार आहात?

त्यांनी काहीच लपवलं नाही. बांध ज्याचा, भगदाड त्याचं, म्हणाले. धनी मिळाल्यावरच्या पहिल्या मोठ्या वादळात प्रत्येक नवा बांध एकदा फुटतो. नुसत्या मातीने तो बुजत नाही, बाई. माणूस लागतो. एकदा धनी आत गेला की मग तो बांध कधीच हलत नाही, कॉर्नेलिसचा साडेचारशे वर्षं हललेला नाही. आणि ते आतून राखण करतात, तुम्ही ऐकलं असेलच. मी ओरडले, हा खून आहे! ते मुळीच रागावले नाहीत. आम्ही कधी कुणाला ढकलत नाही, म्हणाले. आम्ही फक्त शेवटपर्यंत सोबत उभे राहतो. त्या कुरणावर दोनशे घरं होणार आहेत, पोरंबाळं येणार आहेत, त्यांचा विचार करा.

पोलिसांत जाईन म्हटलं. जा ना, म्हणाले. लंगड्या खाइसच्या बांधावर डाव्या हाताला चौकी आहे.

१४ नोव्हेंबर

हार्मला थाप मारली, आई आजारी आहे. बसमध्ये बसवलं. गावाबाहेरच्या पुलापर्यंत ठीक होता. पूल ओलांडला आणि खोकला लागला. खोकल्यातून पाणी यायला लागलं, गढूळ, खारं, थांबेचना. त्याचे ओठ निळे पडले. ड्रायव्हरने काही न विचारता बस वळवली. पुलाच्या अलीकडे आल्याबरोबर हार्मने श्वास घेतला.

म्हणजे एकच वाट आहे. त्याने स्वतःच्या हाताने ते फावडं पुन्हा रोवायचं, आणि नेसत्या कपड्यांनिशी निघायचं. मी रोज सांगते आहे. तो हसतो. म्हणतो, आपलं घर सोडून कोणी जातं का?

२० नोव्हेंबर

धुकं. भरदुपारी अंगण दिसत नव्हतं. थप् थप् आज बाहेरून आलं. मी पाहायला गेले.

ते बांधाच्या उतारावर ओळीने उभे होते. माझ्याकडे पाठ. एक पाय ओढणारा. दोन बायका, एकमेकींचे हात धरलेल्या. अंगावर कपडे होते की माती, कळेना. वाकत होते, थापटत होते, वाकत होते. ओळीच्या शेवटी त्यांनी एका माणसापुरती जागा सोडली होती.

मी घरात पळाले. हार्म खिडकीशी उभा होता. त्यांच्याकडे पाहून मान डोलावत होता.

२४ नोव्हेंबर

त्याची बोटं भिजल्यासारखी सुरकुतलीत. दिवसभर सुकत नाहीत. मी टॉवेलने पुसते, पुन्हा ओली. माझं नाव आठवायला त्याला वेळ लागला आज. रुल्फिन, मी म्हटलं, रुल्फिन, तुझी बायको. हो हो, म्हणाला, माहीत आहे. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

रेडिओवर वादळाचा इशारा आहे. उद्या किंवा परवा.

आता समजावणं बास. युक्ती करायला हवी.

२६ नोव्हेंबर

सगळं लिहून ठेवते.

सकाळी हार्मला म्हटलं, वाफ्याच्या वर माती मऊ लागते, फावडं घेऊन दाखव ना किती खोल जातं. बांधाचं नाव काढलं की तो लहान मुलासारखा धावतो. त्याने फावडं घेतलं, मातीवर टेकवलं, पाय दिला आणि पातं आत घातलं. मी लगेच त्याची बोटं दांड्यावरून सोडवली. एकेक करून. तो "अगं, अगं" करत राहिला. दंडाला धरून मी त्याला ओढत नेलं. काही घेतलं नाही. आईची कुंडी, लग्नाची चादर, ही वही, सगळं जागच्या जागी.

पूल ओलांडला. मी श्वास रोखून धरला होता. काही झालं नाही. स्टेशनवर पोचेपर्यंत त्याच्या गालांवर रंग आला. बाकावर बसून तो म्हणाला, रुल्फिन, मला भूक लागलीय गं, चीज घातलेला पाव मिळेल का? मी तिथेच सगळ्यांदेखत त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. असं सुख मला जन्मात झालं नव्हतं.

मग समोरची गाडी आली आणि त्यातून एक जोडपं उतरलं. मुलगी विशीची, यान्ना नावाची, पोट चांगलंच दिसत होतं. तिने मलाच पत्ता विचारला. आमच्याच घराचा. नवऱ्याला इथे काम मिळालंय, भाडं नावापुरतं, कधी एकदा घर पाहते असं झालंय, आणि परसात बाग आहे म्हणे! पत्र कधी आलं, मी विचारलं. मागच्या आठवड्यात. मागच्या आठवड्यात मी हे ठरवलंसुद्धा नव्हतं.

तिला सांगितलं, परसातलं फावडं उपटू नका. ती नवऱ्याकडे पाहून हसली. नवरा म्हणाला, बरं काकू. आणि मोटार आली, पालिकेची, त्यांना न्यायला. आमची गाडी फलाटावर उभी होती. मी हार्मला आत बसवलं, झ्वोलेला माझ्या मावशीकडे उतर, मी उद्या येते, असं बजावून त्याच्याकडून वदवून घेतलं. तो म्हणाला, तू येच. आणि मी कुणाचीतरी सायकल उचलून उलट फिरले.

पोचले तेव्हा यान्ना उतारावर होती. दोन्ही हात दांड्यावर. तिचा नवरा पेट्या उतरवत होता आणि व्हरहागेबाई खिडकीत. मी ओरडले, पण वारा इतका होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. धावत जाऊन मी तिचे हात झटकले, ती मागे बसली, आणि फावडं मीच उपटलं. दुसरं सुचलंच नाही. पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको म्हणून बांधावर चढले आणि ते खाडीत भिरकावून दिलं. फावडंच नाही तर रीत कसली!

त्या दोघांना वाटलं मी वेडी आहे. बरं झालं. पेट्यासुद्धा न उचलता गेले. मुलीचा हात पोटावर होता. पूल ओलांडेपर्यंत मी पाहत राहिले.

मग मीही निघाले. पूल ओलांडला.

खोकला आला.

२६ नोव्हेंबर, नंतर

तोंडात मीठ. कपडे बदलले, पुन्हा ओले.

मूर्ख. मूर्ख बाई. रोवायला फावडं लागतं. तेच मी पाण्यात —

घरातलं कोळशाचं फावडं रोवून पाहिलं. काही नाही. शेजारच्यांचंही. नाही.

भिंतीतून बाईचा आवाज येतो. दोघींचा. माझं नाव घेतात, अगदी प्रेमाने.

२७ नोव्हेंबर

वादळ. चारलाच अंधार. खाडी बांधाच्या काठाला लागली. स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाण्याची चिळकांडी — मी गादी लावली, कपाट लावलं —

चर्चची घंटा. थांबत नाही.

मला फार भीती वाटते. हार्म सुटला. यान्ना सुटली. हे पुन्हा पुन्हा म्हणते आहे. हार्म मावशीकडे आहे, पाव खातोय, कोरडा आहे —

लोक आले. रस्ताभर कंदील. कुणी ओरडत नाही. क्वाकरनाटांनी हॅट काढली आहे. दार वाजवत नाहीत, वाट पाहताहेत.

भिंत फुगली आहे.

कुणीतरी पायरीवर आलं. लाकडी जोडे काढून ठेवले. हार्मची पावलं — मी ती कुठेही ओळखेन — नाही, तो झ्वोलेला — तो येईल कसा —

दाराला तोंड लावून बोलतो आहे. म्हणे पुढच्याच स्टेशनवर उतरलो. म्हणे घंटा वाजली की गावातल्या प्रत्येकाने यायचं असतं, मी आता इथला आहे ना. आवाजात काळजी आहे. खरी काळजी आहे. लोकांना सांगतोय, जरा थांबा, ती घाबरलीय, मी आणतो तिला —

कडी मीच लावली होती. ती हलते आहे —

हार्म म्हणतो, रुल्फिन, जाड कोट घाल, आत फार गार